सहाशे शहाऐंशी

ग्लेनिसने सीटच्या नाकाला ओळंबा लावला आणि खालचा शिशाचा गोळा डुलायचा थांबेपर्यंत ती गुडघ्यावर बसून राहिली. गोळा थांबला. पेडल जिच्याभोवती फिरतात त्या मधल्या एक्सलच्या किती मागे दोरी पडतेय, ते तिने मिलिमीटरच्या पट्टीवर पाहिलं.

"अठ्ठावन्न," ती म्हणाली. "लिही, पोरी."

टॅम्सिनने कार्डावर अठ्ठावन्न लिहिलं. ती शेडच्या दारात एका उलट्या खोक्यावर उन्हात पाय पसरून बसली होती. पश्चिमेला झीहान गावच्या शाळेत शिकवायची ती; जानेवारीच्या उन्हाळी सुट्टीत बहिणीकडे इथं सिग्नेटला आली होती. तीन महिन्यांपासून सायकलवर बसलं की तिचा गुडघा पुढून ठणकायचा आणि उजवा खांदा भरून यायचा. बहीण म्हणाली, मग ग्लेनिसकडे जा, ती सायकल अंगाबरोबर बसवून देते.

"मला कधी बघणार तुम्ही? मघापासून नुसती सायकलच तपासताय."

"आधी सायकल, मग माणूस," ग्लेनिस म्हणाली. "माणसाला कुठं दुखतं विचारलं की तो गुडघा सांगतो आणि हात कमरेवर ठेवतो. सायकल बिचारी गप उभी असते. आज तू जशी बसतेस ते आधी हिच्याकडून मोजून घ्यायचं. न मोजता हलवाहलवी केली, तर बिघडल्यावर परत यायचं कुठं?"

तिने सीटच्या नाकापासून हँडलपर्यंत टेप ताणली.

"पाचशे पाच."

आकडा तोंडातून बाहेर पडला आणि तिला जरा कसंसंच झालं. अठ्ठावन्न आणि पाचशे पाच. ही जोडी तिने ऐकलेली होती, आणि तीही याच शेडमध्ये. छे, आकडेच ते. तीस वर्षांत हजारभर सायकली मोजल्यावर एखादी जोडी पुन्हा भेटायचीच. तिने तो विचार झटकला आणि ब्रेकच्या दांड्यांकडे वळली.

डावी दांडी उजवीपेक्षा वर होती. पाणसळ ठेवून पाहिलं तर चार मिलिमीटर. शिवाय किंचित आत वळवलेली.

"यावरून पडली होतीस का कधी?"

"नाही."

"डावं मनगट मोडलं होतं?"

"नाही हो. का?"

ग्लेनिसने पाणसळ पेटीत ठेवली. डावं मनगट मोडलं होतं ते तिचं स्वतःचं, लग्नानंतर दुसऱ्या वर्षी, सफरचंदाच्या बागेत शिडीवरून पडून. तेव्हापासून तिच्या प्रत्येक सायकलची डावी दांडी चार मिलिमीटर वर आणि जराशी आत असे. ती तशी बसवायचा क्लेम, तिचा नवरा.

नऊ वर्षांपूर्वी एका सकाळी क्लेम छोटी होडी घेऊन खाडीत मासे धरायला गेला. संध्याकाळी होडी सापडली; गळ, डबा, थर्मास सगळं जागच्या जागी, फक्त क्लेम नव्हता. पाणबुडे चार दिवस शोधत होते. रडून रडून ग्लेनिसच्या डोळ्यांच्या खाचा झाल्या. मग काही वर्षांनी सरकारी कागद आला की हा माणूस मेला असं धरून चालावं, आणि ती पुन्हा पहिल्यापासून रडली. आता कुठं ती सावरली होती. येत्या शनिवारी आल्बी त्याचं सामान घेऊन तिच्याकडे राहायला येणार होता. आल्बी म्हणजे शेजारच्या चेरीच्या बागेचा मालक, विधुर, तोंडाने फटकळ आणि मनाने लोणी. त्याला हो म्हणायला तिला दोन वर्षं लागली होती.

आणि आज ही पोरगी कुठलीशी सायकल घेऊन दारात उभी राहिली.

"ही बसवून कुणी दिली तुला?" तिने शक्य तितक्या सहज विचारलं.

"टेडने. आमच्या कचरा डेपोला लागून जुन्या सामानाचं दुकान आहे, तिथं असतो. मोडक्या सायकली जुळवून विकतो. दाढीवाला म्हातारा आहे. माणूस चांगला, पण सायकल बसवण्यात सपशेल नापास." टॅम्सिन हसली. "आमच्या शाळेतल्या चौघींनी घेतल्या त्याच्याकडून. चौघींचा उजवा खांदा धरलाय. आम्ही म्हणतो, हा बायकोच्या मापाने बसवत असणार सगळ्या."

"बायको आहे त्याला?"

"कुणी पाहिली नाही. विचारलं की हवापाण्याचं काढतो."

"आणि मोजतो कसा? तुला उभं केलं, पाय मोजले, काय केलं?"

"काही नाही. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. दोरी काढली, तिची गाठ दातात धरली आणि सायकलच मोजत बसला. तोंडात दोरी, त्यामुळे आकडे नुसते पुटपुटत होता."

ग्लेनिसच्या हातातली टेप सुर्रकन आत गेली.

गाठ दातात धरू नकोस, दात पडतील, हे तिने क्लेमला शंभरदा सांगितलं होतं आणि शंभरदा त्याने मान डोलावली होती. हे काम त्याला शिकवलं तिनेच. शिकताना मोजायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून तो तिच्यावरच शिकला, आणि मग समोर कुणीही येऊन उभं राहो, त्याचा हात आपोआप तिच्या मापावर जायचा. सहा फुटी शेतकऱ्याची सायकलसुद्धा तो तिच्याएवढी करून ठेवायचा. सगळं जग माझ्या मापाचं नाहीये रे बाबा, असं म्हणत ती त्याच्या मागोमाग प्रत्येक सायकल पुन्हा बसवायची.

"जरा सरक," ती टॅम्सिनला म्हणाली. "मी बसून बघते."

सायकल स्टँडवर अडकवलेलीच होती. ग्लेनिस पाय टाकून वर बसली आणि हात पुढे केले. हात पोचले. कोपर जिथं वाकायला हवं तिथं वाकलं. डावा तळवा दांडीवर टेकला आणि मनगटातून नेहमी जाणारी ती बारीकशी कळ गेली नाही. तिने दोनचार पेडल मारले. अंग कुठंच ताणलं गेलं नाही, कुठंच अवघडलं नाही. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि तिच्या दंडावर काटा आला.

"तुम्हाला अगदी फिट्ट बसली की," टॅम्सिन म्हणाली.

ग्लेनिस खाली उतरली. सीटची उंची तेवढी मोजायची राहिली होती. खरं म्हणजे ती सगळ्यात आधी मोजतात. आज ती मागे कशी राहिली कोण जाणे. मधल्या एक्सलपासून सीटच्या माथ्यापर्यंत तिने टेप लावली आणि आकडा दोनदा वाचला.

"सहाशे शहाऐंशी. लिही आणि थांब इथंच."

ती आत गेली. कपाटाच्या खालच्या खणात गिऱ्हाइकांची कार्डं होती, आणि त्यांच्या तळाशी तिचं स्वतःचं, क्लेमने होडी नेली त्याच वर्षीचं, त्याच्याच हातचं. अठ्ठावन्न. पाचशे पाच. डावी दांडी चार वर. आणि सीटची उंची सहाशे चौऱ्याण्णव.

तिने ते पुन्हा वाचलं. चौऱ्याण्णव. शहाऐंशी नव्हे.

तिचा जीव भांड्यात पडला. आठ मिलिमीटर म्हणजे बाहेरच्याला काहीच नाही, पण या धंद्यात दोन मिलिमीटरची चूक गुडघ्याला रात्री कळते. क्लेम तिच्या मापात आठची चूक करेल? झोपेतसुद्धा नाही. म्हणजे हा दुसराच कुणीतरी म्हातारा होता. दोरी दातात धरणारे काय, शेकड्याने असतील. माणसाला हात दोनच असतात. ती खणासमोर जमिनीवर बसून थोडं हसली आणि मग थोडी रडली, कारण तो जिवंत नाही याचा आपल्याला आनंद झाला हे तिच्या लक्षात आलं होतं.

बाहेर येऊन तिने टॅम्सिनला भिंतीला पाठ लावून उभं केलं, पायांमध्ये पुस्तक धरायला लावलं आणि माप घेतलं. पोरीचे पाय चांगले लांब होते. सीट वर गेली ती सातशे चोवीसवर. हँडल पुढे गेलं, डावी दांडी उजवीच्या रांगेत आली. तासाभरात सायकल टॅम्सिनची झाली.

"अगं बाई," टॅम्सिन पेडल मारत म्हणाली. "गुडघा आहे की नाही तेच कळत नाहीये."

"आता कसं. पंधरा दिवस चालव आणि मग मला फोन कर."

निघताना दोघी व्हरांड्यात सरबत पीत उभ्या राहिल्या. ग्लेनिसची जुनी हिरवी सायकल तिथं कठड्याला टेकून होती, कायम असायची तशीच, बिनकुलपाची.

"ही तुमची? सीट खाली वाटतेय जरा."

"जुलैच्या थंडीत खुबा धरला माझा. मग थोडी खाली घेतली."

"किती?"

"मोजलं नाही. बरं वाटेपर्यंत सरकवत गेले आणि घट्ट केली."

"तुम्ही? आणि मोजलं नाही?" टॅम्सिनला हसू आवरेना. "मला इथं तासभर उन्हात बसवलं आणि घरच्या सायकलला टेप नाही."

"दिव्याखाली अंधार, पोरी," ग्लेनिस म्हणाली. ती सीटकडे बघत होती. मग तिने पेला कठड्यावर ठेवला. "टेडने तुझी सायकल कधी बसवली म्हणालीस?"

"ऑक्टोबरात. तो तुमच्या इकडच्या होबार्टहून डोळे तपासून आला ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी. महिन्याच्या पहिल्या सोमवारी जातो. भल्या पहाटे निघतो, पाच तास गाडी हाकत. त्याच्या डोळ्यांना काय झालंय देव जाणे, बिनचष्म्याचा सुईत दोरा ओवतो."

"पहिल्या सोमवारी."

"हो. म्हणजे आता येत्या सोमवारी फेरी असेल त्याची. का, ओळखता की काय?"

"नाही," ग्लेनिस म्हणाली. "उशीर होतोय तुला. ऊन उतरायच्या आत पोच."

टॅम्सिन रस्त्याला लागून वळणाआड जाईपर्यंत ती हलली नाही. जुलैपासून दर सोमवारी सकाळी ती ह्युऑनव्हिलच्या पोहण्याच्या तलावावर जायची, खुब्याचा व्यायाम पाण्यात करायला. दुपारपर्यंत घर रिकामं असे. सगळ्या गावाला ते ठाऊक होतं. मग तिने शेडमधून टेप आणली, हिरव्या सायकलपाशी गुडघे टेकले आणि मोजलं.

सहाशे शहाऐंशी.

तिने टेप काढली, पुसली आणि पुन्हा लावली. सहाशे शहाऐंशीच. जो आकडा तिला स्वतःला आजपर्यंत ठाऊक नव्हता, तो पाच तासांवरच्या एका म्हाताऱ्याला ऑक्टोबरात ठाऊक होता. हिवाळ्यापासून साखळी एकदाही कुरकुरली नव्हती, चाकांतली हवा एकदाही कमी झाली नव्हती, आणि आल्बी करत असेल म्हणून तिने कधी विचारलंही नव्हतं.

ती व्हरांड्याच्या पायरीवर बसली. आधी भीती वाटली, मग संताप आला, आणि संताप बराच वेळ टिकला. नऊ वर्षं. पाणबुडे, कागद, रिकाम्या शवपेटीवर म्हटलेल्या प्रार्थना, रात्री कड बदलून बघणं. आणि हा दारापर्यंत येऊन दार वाजवत नव्हता. सायकलीपुढे बसून तिचा खुबा कसा आहे ते मोजून जात होता. मेल्या, ती मोठ्याने म्हणाली, मेलास तर नीट तरी मरायचंस. समोरच्या कुरणातल्या गायीने मान वर करून पाहिलं.

पोलिसांना फोन करावा, असं तिच्या मनात आलं. झीहानला गाडी घेऊन जावं, असंही आलं. पण जाऊन विचारणार काय होती ती? का गेलास? हा प्रश्न ऐकून क्लेम मान डोलावेल आणि हवापाण्याचं काढेल. उभ्या जन्मात त्या माणसाने एक गोष्ट तोंडाने सांगितली नव्हती. जे काय सांगितलं ते मिलिमीटरमध्ये.

सहा वाजता आल्बी आला, चेरीची टोपली घेऊन, पायरीपासूनच बोलत.

"पाखरांनी अर्धा बहर खाल्ला आणि उरलेला मेव्हण्याने. हे घे, बाईसाहेब, तुझ्या वाट्याचं. तोंड का असं?"

"आल्बी, माझ्या सायकलच्या साखळीला तेल तू घालतोस?"

"मी? मी तुझ्या सायकलला हात लावलाय कधी? शेवटची चालवली ती शाळेत असताना, तीपण भावाची."

"भिंतीला पाठ लावून उभा राहा."

"का, गोळी घालणारेस?"

"बूट काढ. हे पुस्तक घे आणि पायांच्या मध्ये धर. वर. आणखी वर."

"ग्लेनिस, शनिवारपर्यंत थांबायचं ठरलं होतं आपलं."

तिला हसू आलं, पण टेप तिने दोनदा लावली. नव्वद सेंटिमीटर. तिने कार्डाच्या मागे सीटच्या उंचीसाठी गुणाकार केला, चावी घेतली आणि हिरव्या सायकलची सीट सैल केली. दांडा वर, आणखी वर, अगदी शेवटच्या खुणेपर्यंत ओढावा लागला. सातशे पंच्याण्णव. तिने सीट घट्ट केली. बाकी कशाला हात लावला नाही. तेवढं बळ तिच्यात उरलं नव्हतं.

आल्बी सायकलकडे आणि तिच्याकडे आळीपाळीने बघत होता.

"यावर तुझे पाय पोचायचे नाहीत."

"नाही पोचायचे. हे तुझं माप आहे."

"मला सायकल नकोय गं."

"तुला देत नाहीये." तिने चावी खिशात घातली. "मी सोमवारी तलावावर जाते तेव्हा इथं कुणीतरी येतं. माझी सायकल मोजतं आणि जातं. यावेळी आला की त्याला हे माप मिळू दे."

आल्बीचा चेहरा उतरला. तो क्लेमला ओळखायचा. होडी शोधायला गेलेल्यांत तोही होता. त्याने नाव विचारलं नाही.

"मी सोमवारी बागेतून लवकर येतो. बघतो त्याला."

"नको. तू असलास तर तो यायचा नाही."

"मग सायकलला कुलूप तरी लाव."

"तेही नको."

"आणि मी?" आल्बी म्हणाला. मघापासून पहिल्यांदा त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती. "मी शनिवारी येऊ की नको?"

"ये," ग्लेनिस म्हणाली. "सकाळीच ये. दुपारी वारा सुटतो, गाद्या उडतील."

शनिवारी आल्बी आला, दोन बॅगा, एक आरामखुर्ची आणि एक बहिरी कुत्री घेऊन. रविवारी दोघांनी कपाट अर्धं रिकामं केलं. सायकलविषयी दोघंही बोलले नाहीत, आणि व्हरांड्यातून जाताना दोघंही तिला वळसा घालून जात होते. रविवारी रात्री आल्बीने दाराची कडी लावली, आणि लावली का हे बघायला तो दोनदा उठला. ग्लेनिस जागीच होती, पण तिने डोळे मिटून घेतले.

सोमवारी ती तलावावर गेली. पाण्यात तिचे पाय नीट चालेनात. शिकवणाऱ्या बाईने दोनदा विचारलं की आज बरं नाही का. परतताना ती नेहमीपेक्षा हळू गाडी चालवत होती. घराशी वळली तेव्हा एक वाजून गेला होता. आल्बी बागेतून जेवायला आलेला होता आणि आरामखुर्चीत बसून बूट काढत होता. कुत्री पायाशी झोपली होती.

"कुणी आलं होतं?"

"मी आत्ताच पोचतोय. आणि ही बहिरी काय सांगणार, कपाळ."

सायकल कठड्याला टेकून होती, तिच्या त्याच जागी. ग्लेनिसने टेप आणली. सीटची उंची सातशे पंच्याण्णव, तिने ठेवली होती तशीच. ती थोडी वाकली आणि थांबली. सीट मागे सरकवलेली होती. तिने ओळंबा लावला आणि गोळा थांबेपर्यंत वाट पाहिली. अठ्ठावन्न नव्हते, ऐंशी होते. हँडल वर उचलून घट्ट केलेलं होतं, आणि दोन्ही दांड्या एका रांगेत होत्या. नव्वद सेंटिमीटर पायाच्या, लांब हातांच्या, मनगट कधी न मोडलेल्या माणसाला हवं असतं, सगळं नेमकं तसं. तिने स्वतः बसवली असती तर याहून वेगळी बसवली नसती. चाकांत हवा होती. साखळीचं तेल अजून ओलं होतं.

ती पुन्हा एकदा वरपासून मोजायला लागली आणि अर्ध्यात तिने टेप सोडली. चूक कुठंच नव्हती. क्लेमचा हात पहिल्यांदाच तिच्या मापावर गेला नव्हता.

"आल्बी," तिने हाक मारली. "इकडे ये. हिच्यावर बसून बघ."

"आता? या गुडघ्यांनी?"

"बस म्हणते ना."

तो कुरकुरत बसला, डगमगला, दोन हात लांब गेला आणि मग चक्क फाटकातून बाहेर पडला. चेरीच्या बागेच्या कुंपणापर्यंत जाऊन वळून आला तेव्हा धापा टाकत होता आणि शाळकरी मुलासारखा हसत होता.

"कुठं म्हणजे कुठंच टोचत नाही की गं," तो म्हणाला. "हातात जादू आहे तुझ्या. कधी केलंस एवढं?"

ग्लेनिसने टेप खिशात घातली.

"उतर खाली," ती म्हणाली. "उद्या आपण माझ्यासाठी दुसरी बघू."